सोळा खांबांचे स्थलांतर

२४ नोव्हेंबर, सोमवार

संपादकांचा मकास्सरहून फोन आला. 'हवामानबदल आणि आपत्तीची जोखीम : दहा मूळ कल्पना' अशी लेखमाला हवी आहे. प्रत्येकी तीनशे शब्द, उदाहरणे रोजच्या जगण्यातली, आणि संस्कृत कमी. शेवटची अट त्यांनी दोनदा सांगितली. बालीत सहा वर्षे संस्कृत शिकून मी गेली पंचवीस वर्षे उजुंग-तिपा गावाहून कोळंबी, समुद्रशेवाळ आणि गावप्रमुखांच्या निवडणुका यांच्या बातम्या पाठवतो आहे. त्यात आणखी किती कमी करायचे, ते त्यांनी सांगितले नाही.

ही वही अशासाठी, की लेखात लिहिता येणार नाही ते कुठेतरी लिहिले पाहिजे. पहिले ते हे : जोखमीवर लेख लिहिणारा हा इसम ज्या घरात बसला आहे, त्याच्या मागच्या पायरीपासून समुद्र एकवीस पावलांवर आहे. आजच मोजली. माझ्या लहानपणी मध्ये माडांच्या सात रांगा होत्या. आता दीड आहे, आणि त्यातल्या अर्ध्या रांगेची मुळे भरती ओसरली की म्हाताऱ्याच्या दातांसारखी दिसतात.

घर मावशीचे. तेन्रीमावशी, आईच्या पाठची, वय चौऱ्याहत्तर. आई गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, मी तिच्याकडे राहतो. माझे वय एक्कावन्न. लग्न राहून गेले. कसे राहिले ते नेमके सांगता येणार नाही. छत्री राहते तसे राहिले.

संपादकांनी भरतीचे तक्ते पाठवले आहेत. चार जानेवारीला, पौर्णिमेच्या लगोलग, मोसमातली सर्वांत उंच भरती आहे, आणि तेव्हा पश्चिमेचा वाराही जोरात असणार. घराचे दर्याकडचे खांब खालून कुजले आहेत. त्या तारखेच्या आत घर हलले नाही, तर ते आपण होऊन हलेल. लेख काय, होतील. मावशीला कोण सांगणार?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितले.

मावशी केळीच्या पानात बारोंग्को बांधत होती. कुस्करलेले केळे आणि नारळाचे दूध; वाफवायच्या आधी तिच्याशी बोलू नये हा नियम मी विसरलो.

"मावशी, जोखीम म्हणजे काय माहीत आहे? धोका एक, आपण त्याच्या वाटेत उघडे असणं दोन, आपली दुर्बलता तीन. या तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला आपल्या क्षमतेने भागायचं."

"बरं."

"म्हणजे समुद्र वाढतोय तो धोका. घर त्याच्या तोंडाशी आहे ते उघडं असणं. खांब कुजलेत ती दुर्बलता."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू वर आहेस की खाली? गुणायचा की भागायचा?"

मी म्हणालो, लेखात एवढे खोल जायचे नाही.

"हे घर तुझ्या आजोबांनी दोनदा चालवलंय," मावशी म्हणाली. "बांबू बांधले, माणसं बोलावली, उचललं. तेव्हा कोणी गुणाकार केला नव्हता. घराला नाही म्हणत नाही मी. जागा दाखव."

वाटले होते त्याहून सोपे गेले. बारोंग्को मात्र मला मिळाला नाही. तो एका ताटलीत झाकून तिने चढावरच्या हासनाकडे पोचवायला सांगितला.

१ डिसेंबर, सोमवार

तीन दिवसांत तीन जागा दाखवल्या.

पहिली मशिदीला लागून. "तिथे राहिलं की नमाज चुकवायला निमित्त सापडत नाही." दुसरी शाळेच्या उंचवट्यावर. "मुलं माझे आंबे पाडतील." तिथे आंबा नाही मावशी. "लावीन ना." तिसरी मोठ्या रस्त्यालगत, आमच्याच चुलत्यांची, समुद्रापासून अर्ध्या कोसावर. मावशीने कंबरेवर हात ठेवून एक फेरी मारली आणि म्हणाली, "इथे शेजार नाही."

"शेजार कशाला हवा?"

"तुझ्या लेखात शेजाऱ्याचं काहीच नाही का? मग कसले लेख लिहितोस?"

हा मुद्दा बिनतोड होता. 'क्षमता' या लेखात शेजाऱ्यावर एक परिच्छेद घातला.

मग बारोंग्कोची रिकामी ताटली आणायला हासनाकडे जावे लागले. हासनाचे घर गावाच्या चढावर, मोठ्या चिंचेखाली आहे. नवरा जाऊन आठ वर्षे झाली. समुद्रशेवाळ वाळवते, आणि शेवाळ बांधणाऱ्या बायकांचा गट तिच्या हाताखाली चालतो. गाठी बांधताना ती त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवते, त्यामुळे गावात माझे काय चालते हे मला तिच्याकडून कळते. तिची जीभ सुरीसारखी आहे. ती लागू नये म्हणून मी हल्ली खाजणातल्या तिवरांमागून लांबचा रस्ता धरतो. गंमत अशी की त्या वाटेने कितीही वळसे घेतले तरी शेवटी मी तिच्याच वाळवणापाशी बाहेर पडतो. आमच्या शास्त्रात याला घट्टकुटीप्रभात न्याय म्हणतात : जकात चुकवायला निघालेला गाडीवान आडवाटांनी फिरफिर फिरला, आणि उजाडले तेव्हा त्याची गाडी जकातनाक्यासमोरच उभी होती.

"आज कोणता धोका, वार्ताहरसाहेब?" हासना म्हणाली.

मी म्हणालो, ताटली.

५ डिसेंबर, शुक्रवार

पौर्णिमेची भरती. ही मोठी नव्हे, पण पाणी घराखाली आले आणि खालच्या दोन पायऱ्या बुडाल्या. तिसरीवर खेकडे येऊन बसले होते, दवाखान्यात बसतात तसे ओळीने.

पाणी उतरताच मावशी कोयता घेऊन घराखाली गेली आणि मधल्या खांबावर तिने एक खाच पाडली. मी वाकून पाहिले. खाली आणखी खाचा होत्या. मोजल्या, एकोणीस. प्रत्येक आधीच्याहून वर. खालच्या अगदी जवळ-जवळ, वरच्यांत अंतर वाढत गेलेले.

"मावशी! हे तू एकोणीस वर्षं करते आहेस? ही तर नोंद आहे! शास्त्रीय निरीक्षण आहे हे!"

"नोंद कसली? राग आहे तो."

मी त्याचा फोटो संपादकांना पाठवला. ते म्हणाले, हाच लेख. मी त्यात एवढेच घातले होते, की आपल्या सरकारी इंडोनेशियन भाषेत आपत्तीला 'बंचाना' हा जो शब्द आहे तो मुळात संस्कृतातली वंचना, म्हणजे फसवणूक. पण ज्या आपत्तीच्या खाचा एकोणीस वर्षे खांबावर दिसताहेत तिने आपल्याला फसवले असे कसे म्हणावे? ते वाक्य त्यांनी कापले. बाकी लेख छापला.

८ डिसेंबर, सोमवार

मावशीने चाळणी परत द्यायला पाठवले. चाळणी आमचीच आहे असे मला वाटत होते.

हासना म्हणाली, "शमनाचा लेख वाचला. बायकांना कळला नाही."

"कोणता भाग?"

"सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा. 'हरितगृहवायूंच्या उत्सर्जनाचे शमन' म्हणे. सुलेहाला वाटलं, औषध आहे. आणि अनुकूलन म्हणजे वेगळं काय?"

मी सांगायला लागलो. हवा तापवणारा धूर मुळातच कमी करणे ते शमन. हवा तापलीच आहे, तर त्यात राहता येईल असे आपले जगणे बदलणे ते अनुकूलन.

"म्हणजे पोट सुटलंय," हासना म्हणाली. "ताटात भात कमी वाढून घेतला तर शमन. सारोंग सैल बांधला तर अनुकूलन."

बायका हसल्या. माझ्या सारोंगकडे बघून हसल्या असे वाटले, पण तसे काही नसावे.

"दोन्ही करावं लागतं," मी म्हणालो. "नुसता सारोंग सैल करत गेलं तर एक दिवस कापडच पुरत नाही."

"हे छापा," ती म्हणाली. "हे छापलंत तर मी कॉफी देते."

लेख बदलून पाठवला. 'एका स्थानिक जाणकारांच्या मते' असे लिहून तिचे उदाहरण घातले. कॉफी चांगली होती. संपादक म्हणतात, माझी शैली सुधारते आहे.

१० डिसेंबर, बुधवार

संकट.

मावशी सकाळी नवी ओढणी घेऊन पुआंग तोलांकडे गेली. पुआंग तोला म्हणजे आमचे सान्रो. खांब कधी रोवायचा, घर कधी उचलायचे, नवी होडी कधी पाण्यात ढकलायची, सगळ्यांचे मुहूर्त त्यांच्याकडे. आली ती प्रसन्न मुद्रेने, आणि म्हणाली, "दिवस मिळाला. शुक्रवार, नऊ जानेवारी."

"नऊ? मावशी, भरती चारला आहे!"

"ती समुद्राची तारीख. ही माझी."

"अगं, पण नऊला उचलायला घर राहील का?"

"नऊ म्हणजे नऊ. फार चांगला दिवस आहे. पुआंग म्हणाले, बऱ्याच वर्षांत असा आला नाही. तुझ्याच आळसाने आधीचे गेले."

माझा काय संबंध? जेवण गेले नाही. म्हणजे गेले, पण चव लागली नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

स्वतः पुआंग तोलांकडे गेलो. नव्वदीच्या आसपास, कान एक, दात दोन, विनोदबुद्धी शाबूत. त्यांनी जुनी वही काढली. आमच्या लिपीत आखलेली घरे. वार उभे, वेळा आडव्या. काही वेळा रिकाम्या, काही मेलेल्या, काही जिवंत, काही भरलेल्या.

"पुआंग, नऊ तारीख जरा अलीकडे आणता येणार नाही?"

"त्या कामाला तोच दिवस."

"पण भरती चारला आहे. त्याचं काय?"

"भरतीचं मला कोणी विचारलेलं नाही."

"मग घर बुडेल!"

म्हातारा माझ्याकडे टक लावून बघत राहिला आणि मग एवढा हसला की ठसका लागला. मी पाणी दिले. पाणी पिऊन पुन्हा हसला.

"तुझी मावशी म्हणते ते खरं आहे," तो म्हणाला.

"काय म्हणते?"

"तुझं अक्षर फार सुंदर आहे म्हणते."

परंपरा आणि विज्ञान यांच्यातला संवाद हा एक अवघड विषय आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

आठवा लेख, पूर्वसूचना. आतापर्यंतचा मला सर्वांत जमलेला. पूर्वसूचनेची तीन अंगे : ती पोचली पाहिजे, समजली पाहिजे, आणि माणूस हलला पाहिजे. पहिली दोन झाली आणि तिसरे झाले नाही, तर वादळाची खबर आणि बाजारगप्पा यांत फरक राहत नाही.

छापण्यापूर्वी हासनाला वाचून दाखवला. हल्ली तसे करतो. काम हलके होते. ती शेवाळाच्या दोरीला गाठी मारत ऐकत होती. मी म्हणालो, "मला कळत नाही ते एवढंच, की सगळ्या खुणा समोर असताना माणूस जागचा हलत का नाही? मावशीचंच बघ."

हासनाची गाठ सुटली. तिने ती पुन्हा बांधली.

"काही माणसं तशीच असतात, दाएंग," ती म्हणाली. "कानाशी सात वेळा ढोल वाजवला तरी म्हणतात, कोणाच्या घरी बरं काही आहे?"

वाक्य इतके नेमके होते की मी तिथेच लिहून घेतले. "हे घालू का लेखात?"

"घाला. मोठ्या अक्षरात घाला. आणि एक प्रत घरी भिंतीवर लावा."

(ती मला आज साहेब न म्हणता दाएंग म्हणाली. दाएंग म्हणजे दादा. आमच्याकडे बायका नवऱ्यालाही दाएंगच म्हणतात, पण तो प्रकार निराळा. इथे आदर. लेखमालेने माणसाचे स्थान वाढते.)

२२ डिसेंबर, सोमवार

वारा पश्चिमेला फिरला. अर्ध्या रांगेतला एक माड काल पडला. आवाज फार झाला नाही. एखाद्याने उसासा टाकून खाली बसावे तसा बसला. मावशी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग तिने त्याचे शहाळे फोडून मला दिले आणि स्वतःही प्यायली. "गोड होता हो शेवटपर्यंत," म्हणाली.

मला प्रथमच भीती वाटली.

दुपारी मावशीने खलबत्ता मागायला पाठवले. आमच्याकडे दोन आहेत. तरी गेलो. हासनाने माझा चेहरा पाहिला आणि विचारले, "काय झालं?" मी सगळे सांगितले. माड, चार तारीख, नऊ तारीख, तीन नाकारलेल्या जागा. सांगताना आवाज जरा हलला असावा, कारण बायकांनी गाणे थांबवले.

"चिंचेच्या पलीकडे माझी जागा मोकळीच आहे," हासना म्हणाली. "इथवर पाणी माझ्या सासऱ्यांच्या सासऱ्यांनीही पाहिलेलं नाही. तिथे आणा घर."

"मावशी नाही म्हणेल. तिला जागा पसंत पडणं फार कठीण आहे."

"विचारून तर बघा."

बायका पुन्हा गाऊ लागल्या. जरा जोरातच.

घरी येऊन मी फार जपून, उघडे असण्याची कल्पना आधी समजावून, मग उंचीचे आकडे देऊन, मग शेजाऱ्याच्या क्षमतेचा उल्लेख करून विषय काढला. मावशी म्हणाली, "चालेल."

"चालेल?"

"तू एवढं समजावून सांगितलंस, मग कशी नाही म्हणू?"

शास्त्र साध्या शब्दांत मांडले की पोचते, हे मी संपादकांना नेहमी सांगत आलो आहे.

२३ डिसेंबर, मंगळवार

राहिलेली अडचण नऊ तारीख. पुन्हा भांडायच्या तयारीने पुआंग तोलांकडे गेलो, तर म्हातारा म्हणाला, "घर ना? घर दोनला उचला. शुक्रवार आहे, नमाजानंतरची वेळ भरलेली आहे. उत्तम."

"आणि नऊ?"

"नऊ आहेच की."

दोन आणि नऊ दोन्ही कशा, हे विचारायला मी थांबलो नाही. हातातली मासळी तोलत बसू नये.

१ जानेवारी, गुरुवार

सज्जता. घरातले सामान उतरवण्याची मी यादी केली. त्रेचाळीस वस्तू, अनुक्रमाने, जड आधी. नव्या जागेचा नकाशाही काढला : पुढचा जिना रस्त्याकडे, स्वयंपाकघर चिंचेकडे, म्हणजे सावली. नकाशाच्या प्रती वाटल्या. पुआंग तोलांनी आपल्या प्रतीत तंबाखू बांधली.

बायका कालपासून हासनाच्या अंगणात आहेत. चिकट तांदळाचा सोक्को, बदकाचे तिखट, भाजलेले दूधमासे, दोन पातेली कॉफी. शंभर माणसांचा अंदाज आहे. मावशी माणसे मोजत नाही, पातेली मोजते.

संध्याकाळी ती घराच्या नाभिखांबाजवळ बसली होती. मधला, खाचांचा तोच. त्याला केळीचा घड, नारळ आणि गुळाची ढेप बांधली आहे. घर उपाशी चालू नये.

"वाईट वाटतंय?" मी विचारले.

"लग्न ठरलं तेव्हा याच खांबाला टेकून रडले होते," ती म्हणाली. "मग हसलेही याच खांबाला टेकून. खांब येतोय ना बरोबर? मग माती समुद्राला घेऊ दे. फार वर्षं मागतोय बिचारा."

२ जानेवारी, शुक्रवार

अक्षर (सुंदर असले तरी) आज तसे येणार नाही.

नमाज सुटला आणि माणसे सरळ इकडेच वळली. शंभर म्हणालो होतो; एकशे चाळीस तरी असतील. शेजारच्या दोन गावांतले होडीवालेही आले. सोळा खांबांना आडवे-उभे बांबू बांधून झाले होते. मावशी पुढे निघाली, डोक्यावर तांदळाची टोपली, एका हातात मीठ, एका हातात पाण्याचा तांब्या. ही तीन आधी जातात, मग घर. तिने मागे वळून पाहिले नाही.

पुआंग तोलांनी दोन दातांतून आरोळी दिली. एकशे चाळीस माणसांनी "हो!" म्हटले आणि माझे घर, ज्यात मी पहिली बाराखडी गिरवली, ज्याच्या माळ्यावर माझी संस्कृतची पुस्तके होती, ते जमिनीवरून हातभर उठले. खांबांच्या मुळाशी ओली वाळू गळत होती. घर क्षणभर डगमगले, मग सावरले आणि चालू लागले. मी खूप वाचले आहे. एवढे सुंदर काही वाचलेले नाही.

मी नकाशा आणि भोंगा घेऊन पुढे होतो. "डावीकडे! सावकाश! उजवे खांब वर!" असे ओरडत होतो. कोणी माझ्याकडे लक्ष देत नाही हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. चढावर हासना कंबरेवर हात ठेवून ओरडली, "दाएंग, तो भोंगा सोडा आणि खांदा लावा! घर बोलण्याने चढत नसतं!" सगळे हसले, घरही हसल्यासारखे हलले. मी नकाशा दातांत धरला आणि खांदा लावला. माझ्या पुढचा माणूस माझ्यापेक्षा उंच होता, त्यामुळे बांबू मला फारसा लागत नव्हता. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

तीन ठिकाणी विसावा, तिन्ही ठिकाणी कॉफी. चिंचेपाशी आल्यावर पुआंग तोलांनी घर वळवायला सांगितले. पुन्हा वळवायला सांगितले. मी दातांतला कागद काढून बघेपर्यंत घर खाली बसले होते, सोळा खांब सोळा दगडांवर, आणि बायका टाळ्या वाजवत होत्या.

उलटे! स्वयंपाकघर चिंचेकडे नव्हे, सरळ हासनाच्या स्वयंपाकघरासमोर. दार दारासमोर, मध्ये सहा पावले. इकडून हात लांब केला तर तिकडचे पातेले ढवळता येईल.

घामाने कागद भिजला होता. बहुधा गडबडीत मीच पुआंगना उलटा दाखवला. मावशीजवळ जाऊन कबूल केले. "मावशी, चूक माझी. नकाशा उलटा धरला होता."

मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला घरच्या नावाने हाक मारली. "होतं असं, आसे. शिकलेल्या माणसांचं होतं."

पुन्हा उचलायचे का विचारले, तर एकशे चाळीस माणसांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन इथे नको.

शेवटची गोष्ट. स्वयंपाकघरात शिरलो तर चुलीमागच्या टोपलीत मावशीची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली. यादीतल्या त्रेचाळीस वस्तूंत ती नव्हती. तीनशे पावले ती घरासकट चालून आली होती आणि तिने अंडी सोडली नव्हती.

४ जानेवारी, रविवार

सकाळी भरती आली. आम्ही सगळे चढावरून बघत होतो. सावकाश, अगदी सभ्यपणे आली. दीड रांगेतून वाट काढत, आमच्या अंगणात. जिथे घर होते तिथे मावशीच्या छातीएवढे पाणी असेल, आणि वर लाटा. कुजके खांब त्यात एक तासही टिकले नसते. मावशीने माझा हात धरला होता, की मी तिचा, ते आता आठवत नाही.

दुपारी पाणी उतरल्यावर खाली गेलो. वाळूत सोळा खड्डे, सोळाही पाण्याने भरलेले, आणि प्रत्येकात काही ना काही अडकलेले : बोटभर मासे, खेकडे, एकात चक्क झिंगे. गावातली पोरे खड्डे वाटून घेत होती. "हा माझा खांब!" "तो स्वयंपाकघराचा, त्यात मोठे असणार!" मावशीने नाभिखांबाच्या खड्ड्यातले मासे स्वतः काढले आणि हासनाकडे दिले. रात्रीचे जेवण तिकडेच झाले. सहा पावलांवर असल्यामुळे सोय आहे.

नकाशा उलटा धरल्याचे आता तितकेसे वाईट वाटत नाही. देहलीवर दिवा ठेवला की घर आणि अंगण दोन्ही उजळते. तसे दोन चुली समोरासमोर असल्या की एकीवर उजेड पडतो आणि दुसरीवर वास. संपादकांनी हे वाक्यही कापले असते.

९ जानेवारी, शुक्रवार

सकाळी तांबड्या कोंबडीची सात पिले बाहेर आली. नऊ अंडी होती; सात चांगलीच.

दहावा आणि शेवटचा लेख लिहायला बसलो : उरलेली जोखीम. सगळी काळजी घेऊन, सगळी तयारी करून, घरसुद्धा हलवून झाल्यावर जी उरते ती. ती कधी शून्य होत नाही. तिच्याबरोबर राहायला शिकावे लागते. उदाहरण सुचत नव्हते.

एवढ्यात मावशी आतून बाहेर आली. ठेवणीतला लाल रेशमी सारोंग, गळ्यात आईची सोन्याची माळ, हातात झाकलेल्या ताटात बारोंग्को आणि विडे. मागे पुआंग तोला, इस्त्रीची टोपी घालून. त्यांच्या मागे माझे दोन चुलते, जे ईदशिवाय बूट घालत नाहीत, बूट घालून.

"कुठे?" मी विचारले.

"समोर."

"सहा पावलांसाठी एवढं? थांब, मीही येतो. जागेबद्दल आपण हासनाचे नीट आभार मानलेलेच नाहीत."

"तू इथेच बस," मावशी म्हणाली. "या बोलण्याला मुलाने यायची रीत नाही."

ते चौघे सहा पावले चालून गेले. समोरच्या दारात हासनाचे थोरले भाऊ उभे होते. तेही बूट घालून. बायका खिडकीत दाटीवाटीने उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी पायरीवर बसून विचार करत होतो, की आमच्या घरात मुलगा कोण?

किती वेळ बसलो कोण जाणे. मग एकेक आठवू लागले. ताटली. आमचीच चाळणी. दुसरा खलबत्ता. शेजार नाही म्हणून नाकारलेली जागा. नऊ तारीख. सात वेळा ढोल. तंबाखू बांधलेला नकाशा. त्या जकात चुकवणाऱ्या गाडीवानाला मी वर्षानुवर्षे हसत आलो. त्याने निदान आपले घर बरोबर ओढत आणले नव्हते.

समोरच्या स्वयंपाकघराचे दार उघडले. हासना कॉफीचा पेला घेऊन उंबऱ्यात उभी होती. आत मोठी माणसे बोलत होती, त्यामुळे ती हळू म्हणाली, "दाएंग. तो लेख. पूर्वसूचनेचा. तिसरं अंग कोणतं म्हणालात?"

"माणूस हलला पाहिजे," मी म्हणालो.

"मग?"

पोचली होती. समजलीही होती, फक्त एक्कावन्न वर्षे लागली.

वही मिटतो आहे. सहाच पावले आहेत.